क्वीनच्या चित्रफिती आणि चाहत्यांची कुरकुर

२००२ साली 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा 'ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स १' हा दोन डीव्हीडींचा संच बाजारात आला. चित्र घासूनपुसून लख्ख केलेलं, आवाज चहूबाजूंनी घुमेल असा नव्याने बांधलेला, शिवाय गाणं चालू असताना गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांची मल्लिनाथी ऐकायची सोय. चाहत्यांनी हरखून जावं असाच ऐवज होता, आणि ते हरखलेही. पण पहिला आनंद ओसरायच्या आतच तक्रारीचा सूर लागला. चित्र वरून-खालून कापलंय!

तक्रार खरी होती. क्वीनच्या सत्तरच्या दशकातल्या चित्रफिती त्या काळच्या चौकोनी टीव्हीसाठी बनल्या होत्या. रुंदी चार, तर उंची तीन, हे त्यांचं प्रमाण. २००२च्या सुमारास रुंद पडद्याचे टीव्ही घराघरांत शिरू लागले होते, आणि त्यांचं प्रमाण सोळास नऊ. जुनं चित्र या नव्या पडद्यावर बसवायचं तर एक तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडायच्या, नाहीतर पडदा भरेपर्यंत चित्र मोठं करून वरचा-खालचा भाग छाटायचा. संच काढणाऱ्यांनी बहुतेक गाण्यांना दुसरा उपाय लावला. शाळेतलं गुणोत्तर आठवणाऱ्या कुणालाही हिशेब करता येईल. वरचा आठवा भाग गेला, खालचा आठवा भाग गेला, म्हणजे चित्राचा चौथा हिस्सा गायब.

बाहेरच्या माणसाला ही कुरकुर क्षुल्लक वाटते. गाणं तेच, माणसं तीच. थोडं छत आणि थोडी जमीन दिसली नाही तर बिघडलं कुठे? पण याच संचात गाण्यांचा चौथा हिस्सा गाळला असता तर? तो विचारही कुणाच्या मनात आला नसता. गाणं ही कलाकृती आणि चित्रफीत हे तिचं वेष्टन, असं विकणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं. वेष्टन मापात बसत नसेल तर कडा दुमडायला हरकत नाही. चाहत्याला नेमकं हेच मान्य नसतं. त्याच्या लेखी ते चित्र गाण्याइतकंच पुरं आहे. कुरकुरीची तऱ्हा कधीकधी हास्यास्पद असेल, पण या एका मुद्द्यावर तो विकणाऱ्यांपेक्षा शहाणा ठरतो.

खरं तर या चित्रफिती जन्मल्या त्या वेष्टन म्हणूनच. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी 'बोहेमियन रॅप्सडी' हे जवळपास सहा मिनिटांचं गाणं प्रकाशित झालं. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' कार्यक्रमात जाऊन मुद्रित गाण्यावर ओठ हलवायचे, हा त्या काळचा रिवाज. पण मधल्या ऑपेराच्या भागात आवाजांचे थरावर थर चढवलेले. चार माणसं तिथे उभी राहून ओठ हलवू लागली असती तर हसं झालं असतं. त्यातून बँड दौऱ्यावर निघण्याच्या बेतात होता. म्हणून १० नोव्हेंबरला एल्स्ट्री स्टुडिओत, जिथे दौऱ्याची तालीम चालली होती तिथेच, दिग्दर्शक ब्रूस गॉवर्स यांनी सुमारे चार तासांत सगळं उरकलं. खर्च साडेचार हजार पाऊंडांच्या आसपास. २० नोव्हेंबरला ती फीत टीव्हीवर दाखवली गेली. महिनाअखेरीला गाणं पहिल्या क्रमांकावर चढलं आणि सलग नऊ आठवडे तिथेच ठाण मांडून बसलं.

या चार तासांच्या कामाकडे जवळून पाहिलं तर चाहते का भांडतात ते उमगतं. सुरुवातीला काळोखातून चार चेहरे उमटतात, खालून प्रकाश पडलेले, पत्त्यांतल्या चौकटीसारखे रचलेले. ब्रायन वर, गायक फ्रेडी मर्क्युरी मध्ये खाली, बाकीचे दोघं बाजूंना. छायाचित्रकार मिक रॉक यांनी १९७४च्या 'क्वीन टू' या तबकडीच्या मुखपृष्ठासाठी जी रचना केली होती, तीच इथे जिवंत झाली. रॉक यांना ती सुचली होती मार्लेन डीट्रिशच्या एका जुन्या छायाचित्रावरून. पुढे ऑपेराच्या भागात एकाच चेहऱ्याचे अनेक चेहरे होतात, ते कॅमेऱ्यापुढे पैलूदार काच धरून. फ्रेडीचा चेहरा एकामागून एक मागे विरत जातो, तो कॅमेरा त्याच्याच चित्राच्या मॉनिटरवर रोखून. संगणक नाही, नंतरची कारागिरी नाही. जे झालं ते त्या रात्री, त्या चौकटीत झालं. चार चेहऱ्यांची ही रचना चौकटीच्या वरच्या आणि खालच्या काठाला भिडलेली आहे. तिचा आठवा हिस्सा वरून उडवला तर ब्रायनचे केस जातात, आणि केसांशिवाय ब्रायन मे म्हणजे कोण?

याच गाण्याने चाहत्यांना आणखी एक धडा दिला. सत्तरच्या दशकातल्या अनेक चित्रफिती फिल्मवर चित्रित झाल्या. फिल्मचं मूळ रीळ सापडलं तर ते आजच्या यंत्रावर नव्याने उतरवता येतं, आणि पूर्वी टीव्हीवर कधीच न दिसलेले बारकावे वर येतात. 'बोहेमियन रॅप्सडी' मात्र व्हिडिओ टेपवर चित्रित झालं होतं. टेपवर त्या वेळच्या ब्रिटिश टीव्हीच्या ६२५ रेषांपुरताच तपशील असतो. जो टिपलाच नाही तो कितीही पॉलिश केलं तरी वर येणार कुठून? त्यामुळे संग्रहात हे सर्वांत गाजलेलं गाणं शेजारच्या गाण्यांपेक्षा मऊ, किंचित धुरकट दिसतं. नवखा प्रेक्षक म्हणतो, याचं काम नीट केलेलं नाही. मुरलेला चाहता त्याला टेप आणि फिल्म यांतला फरक समजावून सांगतो. २०१९च्या जुलैमध्ये या फितीने यूट्यूबवर शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. नव्वदच्या दशकाआधीच्या कोणत्याही गाण्याच्या चित्रफितीला तोवर ते साधलं नव्हतं. तो धुरकटपणा कुणालाच आडवा आला नाही.

'जगातला पहिला म्युझिक व्हिडिओ' ही बिरुदावली या फितीला सर्रास लावली जाते. त्यावर सर्वांत आधी आक्षेप घेतात ते क्वीनचेच चाहते. बीटल्सनी १९६६मध्ये 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन' यांच्या फिती केल्या होत्या, हे ते सांगतात. आणि क्वीनने स्वतः १९७३मध्येच 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह' आणि 'लायर' या गाण्यांच्या फिती केल्या होत्या, हेही. त्या दोन्ही क्वीनच्या पहिल्या, १९८१च्या संग्रहात नव्हत्या. त्या वर्षाच्या अखेरीस बँडने एकाच वेळी तीन वस्तू काढल्या. 'ग्रेटेस्ट हिट्स' ही तबकडी, 'ग्रेटेस्ट पिक्स' हे छायाचित्रांचं पुस्तक आणि 'ग्रेटेस्ट फ्लिक्स' ही व्हिडिओ कॅसेट. एखाद्या बँडच्या सगळ्या चित्रफिती एका कॅसेटमध्ये मिळाव्यात ही कल्पनाच तेव्हा नवी होती. एमटीव्ही सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. पण 'ग्रेटेस्ट' म्हटलं की निवड आली, आणि निवड आली की वगळणं आलं. कॅसेटची सुरुवात होते 'किलर क्वीन'ने, ज्या गाण्याची खास अशी चित्रफीत १९७४मध्ये कुणी केलीच नव्हती. ज्यांची होती ती दोन गाणी मात्र बाहेर राहिली. गाजलेल्या गाण्यांची ही यादी असेल, पण चित्रफितींचा संग्रह म्हणून ती अपुरी आहे, हा चाहत्यांचा निवाडा तेव्हापासूनचा.

चाहते हे संग्रह पाहतात कसे, हेही पाहण्यासारखं आहे. ते फ्रेडीच्या मिशीवरून साल सांगतात. लांब केस आणि गुळगुळीत ओठ म्हणजे सत्तरचं दशक. 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह'मध्ये केस आखूड, अंगात चामड्याचं जाकीट, पण मिशी नाही, म्हणजे १९७९. मिशी पहिल्यांदा दिसते ती १९८०च्या 'प्ले द गेम'मध्ये. ही गंमत वाटेल, पण तिचा उपयोग झाला २०१८मध्ये. 'बोहेमियन रॅप्सडी' हा चित्रपट आला, त्यात 'वी विल रॉक यू' या गाण्याचा जन्म १९८०मध्ये दाखवला होता आणि फ्रेडीला चक्क मिशी होती. चाहत्यांनी लगेच बोट ठेवलं. गाणं १९७७चं. त्याची चित्रफीत १९७८च्या जानेवारीत सरी परगण्यातल्या रॉजर टेलरच्या घराच्या बागेत, बर्फात उभं राहून केलेली, आणि तीत फ्रेडीच्या ओठावर केसाचं नाव नाही. चार गारठलेली माणसं, मागे निष्पर्ण झाडं, पायांखाली बर्फ. त्याच थंडीत त्याच बागेत 'स्प्रेड युवर विंग्ज'चंही काम आटोपलं. फ्रेडी झालेल्या रामी मालेकला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, पण बागेतल्या बर्फाची साक्ष काही पुसली गेली नाही.

गिटारींचंही तसंच. ब्रायन मेची 'रेड स्पेशल' ही गिटार त्याने पोरवयात वडिलांच्या मदतीने घरीच घडवलेली. तिच्या मानेचं लाकूड एका जुन्या फायरप्लेसचं. ती त्याच्या हातात नसेल तर चाहत्याच्या लगेच लक्षात येतं. बर्फातल्या त्या फितींमध्ये तिची नक्कल वापरलीय, खरी गिटार गारठ्यात काढलेली नाही. 'प्ले द गेम'मध्ये तर ब्रायनच्या हातात स्ट्रॅटोकास्टरची स्वस्त नक्कल आहे. का? कारण त्या फितीत फ्रेडी ती हिसकावून घेतो. बापलेकांनी हाताने घडवलेली गिटार अशा झटापटीत कोण देईल? काही सेकंदांचं ते दृश्य वारंवार पाहणाऱ्यालाच हा प्रश्न पडतो, आणि उत्तर मिळालं की त्या फितीकडे पुन्हा पूर्वीसारखं पाहता येत नाही. मात्र एवढं दिसायला चौकट पुरी हवी. गिटार कमरेशी लटकते, आणि छाटलेल्या चित्रात पहिल्यांदा तीच काठाला जाते.

चाहत्यांचा या चित्रांवरचा हक्क नुसता पाहणाऱ्याचा नाही. काही फितींमध्ये ते स्वतः आहेत. १९७७च्या ऑक्टोबरमध्ये 'वी आर द चॅम्पियन्स'चं चित्रीकरण न्यू लंडन थिएटरात झालं. समोरचा जनसमुदाय भाड्याने आणलेला नव्हता. फॅन क्लबच्या सभासदांना बोलावणं गेलं होतं. एकच गाणं पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी हात उंचावले, आणि काम आटोपल्यावर बँडने त्यांच्यासाठी छोटेखानी मैफल फुकट केली. सहा वर्षांनी, १९८३च्या नोव्हेंबरात, शेपर्टन स्टुडिओत 'रेडिओ गा गा'साठी पुन्हा फॅन क्लबला हाक गेली. या वेळी काहीशे चाहते पांढऱ्या पोशाखात रांगांनी उभे राहिले आणि डोक्यावर हात नेऊन दोनदा टाळ्या वाजवू लागले. दिग्दर्शक होते डेव्हिड मॅलेट. १३ जुलै १९८५ रोजी 'लाइव्ह एड' या मैफलीच्या दिवशी वेंब्ली स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर माणसांनी त्याच टाळ्या त्याच ठेक्यावर वाजवल्या. ती टाळी कुणी शिकवावी लागली नाही; लोक ती चित्रफितीतून शिकून आले होते. डोक्यावरचे ते हात चौकटीच्या अगदी वरच्या भागात येतात. चित्र छाटायला बसलेल्याने निदान हे एक गाणं डोळ्यांपुढे आणून पाहावं.

'रेडिओ गा गा'ला आणखी एक अस्तर आहे, आणि या सगळ्या वादाला ते फार जवळचं आहे. या फितीत फ्रिट्झ लांग यांच्या १९२७च्या 'मेट्रोपोलिस' या जर्मन मूकपटातली दृश्यं घेतली आहेत. उंच इमारतींचं ते भविष्यनगर, खाली मान घालून चाललेले कामगार, इमारतींमधून उडत्या गाडीत बसलेले क्वीनचे चौघे. हा चित्रपट स्वतःच कात्रीचा बळी. बर्लिनमध्ये पहिला खेळ झाल्यावर त्याच वर्षी तो छाटला गेला आणि काढलेला भाग हरवला. १९८४मध्ये संगीतकार जॉर्जिओ मोरोडर यांनी तो पुन्हा काढला. दृश्यांना रंगाची झाक दिली, लांबी आणखी कमी केली आणि रॉक-पॉप गाणी घातली. त्यांतलं 'लव्ह किल्स' हे गाणं फ्रेडीचं. मूकपटाच्या अभ्यासकांनी कपाळाला हात लावला. तरुण प्रेक्षकांना मात्र 'मेट्रोपोलिस' माहीत झाला तो यामुळेच. पुढे २००८मध्ये ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिलिमीटरची एक जुनी, ओरखड्यांनी भरलेली प्रत सापडली. हरवलेली वीस-पंचवीस मिनिटं तीत होती. २०१०मध्ये जवळजवळ पुरा चित्रपट पुन्हा पडद्यावर आला.

ती प्रत टिकली याचं कारण कुणीही ती मोडीत काढली नाही. तिचे ओरखडे आजही त्या भागांत स्पष्ट दिसतात, आणि ते तसेच राहू दिले आहेत. हाच नियम रॉक बँडच्या फितींना लावायला काय हरकत आहे?

कापण्याची कारणं नेहमी पडद्याच्या मापाचीच असतात असंही नाही. 'बायसिकल रेस'साठी १७ सप्टेंबर १९७८ रोजी विम्बल्डनच्या एका स्टेडियममध्ये ६५ विवस्त्र स्त्रियांची सायकलशर्यत भरवली गेली. सायकली भाड्याच्या होत्या. त्या कुणी कशा वापरल्या हे कळल्यावर दुकानदाराने सीटांचे पैसे भरून मागितले, हा किस्सा चाहते आजही चवीने सांगतात. टीव्हीवर ते दृश्य जसंच्या तसं जाणं शक्य नव्हतं, तेव्हा रंगांचे खेळ करून झाकपाक झाली. १९८१चं 'अंडर प्रेशर' तर न्यारंच. क्वीन आणि डेव्हिड बोवी यांचं हे एकत्र गाणं, पण फितीत ना क्वीन ना बोवी; कुणालाच वेळ नव्हता. मॅलेट यांनी आयझेनश्टाइनचा 'बॅटलशिप पोटेम्किन', मुर्नाऊचा 'नोस्फेराटू' अशा मूकपटांचे तुकडे, गर्दीची आणि कोसळणाऱ्या इमारतींची दृश्यं जोडून ती उभी केली. त्यात उत्तर आयर्लंडमधल्या स्फोटांची दृश्यं होती, म्हणून 'टॉप ऑफ द पॉप्स'ने ती मूळ रूपात दाखवायला नकार दिला. पुढच्याच वर्षी 'बॉडी लँग्वेज'वर एमटीव्हीने बंदी घातली. म्हणजे एकाच गाण्याच्या दोन-दोन आवृत्त्या झाल्या, आणि संग्रहात कोणती घालायची हा प्रश्न उभा राहिला. सभ्य आवृत्ती घातली तर इतिहास खोटा होतो. मूळ घातली तर दुकानदार बिचकतो. चाहत्यांचं उत्तर ठरलेलं असतं. दोन्ही घाला, आणि कुठली कशासाठी केली ते लिहा.

'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'वर मात्र चाहत्यांचं सहज एकमत होतं. १९८४ची ही चित्रफीत 'कोरोनेशन स्ट्रीट' या ब्रिटिश मालिकेची टवाळी आहे. चौघेही बायकांच्या वेशात. फ्रेडी आखूड घागऱ्यात मिशीसकट व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय, रॉजर शाळकरी मुलगी, ब्रायन केसांना रोलर लावून झोपाळलेला, आणि हे गाणं ज्याने लिहिलं तो अबोल बेसवादक जॉन डीकन झाला आहे खाष्ट आजी. मग अचानक रॉयल बॅलेच्या नर्तकांसोबतचा नृत्याचा भाग येतो. त्याच्यासाठी फ्रेडीने मिशी उतरवली होती. ब्रिटनमध्ये लोक खो खो हसले आणि गाणं तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. अमेरिकेत ही थट्टा कुणाला कळली नाही; गाणं ४५च्या वर सरकलं नाही. बालगंधर्वांना नऊवारीत पाहून भारावलेल्या आजोबा-पणजोबांच्या मराठी घरात ही फीत लागली असती, तर वेशाबद्दल कुणी चकार शब्द काढला नसता. फार तर म्हटलं असतं, नऊवारी याला शोभली असती, पण मिशी काढायला हवी होती.

फ्रेडीचा महाराष्ट्राशी संबंध खरा आहे, आणि मराठी चाहते तो अभिमानाने सांगतात. १९४६मध्ये झांझिबारला पारशी कुटुंबात जन्मलेल्या फारुख बलसाराचं शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झालं. तिथल्या वसतिगृहात असताना पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता, आणि हा मुलगा त्यात पियानो वाजवायचा. पाचगणीतल्या त्या बँडची चित्रफीत असायचा प्रश्नच नाही. आहेत ती चारदोन कृष्णधवल छायाचित्रं. चाहते त्यांचीही छाननी करतात. कोण कुठे उभा आहे, कॉलर कशी आहे, दातांची ती ओळखीची ठेवण दिसते का.

इथल्या जुन्या श्रोत्यांना क्वीनची चित्रं पाहायला मिळाली ती उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. दूरदर्शनवर रॉक क्वचितच लागायचं. परदेशातून आलेल्या नातलगाने आणलेली कॅसेट, आणि तीही ब्रिटिश असली तर बरं. अमेरिकी कॅसेट आपल्याकडच्या साध्या व्हीसीआरवर नीट चालत नसे, कारण तिथली टीव्हीची पद्धतच निराळी. १९९१नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि एमटीव्ही घरात दिसू लागला. तोवर फ्रेडी गेला होता. मुंबईत काळा घोड्याजवळच्या 'रिदम हाऊस'मध्ये कॅसेटी, मग सीडी, मग डीव्हीडी चाळण्यात एक पिढी वाढली. २०१६मध्ये ते दुकानही बंद झालं. या पिढीच्या डोळ्यांत बसलेली 'मूळ' चित्रफीत म्हणजे कॉपीवरून कॉपी केलेली, रंग उडालेली, कडेला थरथरणारी रेघ असलेली. ती लख्ख होऊन समोर आली की काहींना चुकल्यासारखं वाटतं.

चाहत्यांची मतं इथेच डळमळतात, आणि हे मान्य करायला हवं. प्रत्येक जण जे पहिल्यांदा पाहतो त्याला मूळ म्हणतो. १९९२च्या 'वेन्स वर्ल्ड' या चित्रपटात चार-पाच पोरं गाडीत बसून 'बोहेमियन रॅप्सडी'वर माना हलवतात. त्या दृश्याने अमेरिकेत गाणं पुन्हा वर आणून दुसऱ्या क्रमांकावर नेलं आणि चित्रपटातले तुकडे मिसळलेली फीतही टीव्हीवर फिरली. त्या वयाच्या अमेरिकी चाहत्याला गाडीशिवाय हे गाणं अपुरं वाटतं, तर ब्रिटिश चाहत्याला गाडी म्हणजे विटंबना. दोघंही आपापल्या आठवणींशी प्रामाणिक आहेत. पण आठवण हा संग्रहाचा निकष होऊ शकत नाही. निकष एकच. करणाऱ्यांनी पूर्ण केलेलं चित्र काय होतं, किती होतं?

करणाऱ्यांचंही मत चाहत्यांशी जुळेलच असं नाही. १९८४च्या 'इट्स अ हार्ड लाइफ'मध्ये टिम पोप यांनी सगळ्यांना ऑपेरातल्यासारखे अवजड पोशाख चढवले. फ्रेडीच्या लालभडक पोशाखावर जागोजागी डोळे शिवलेले आहेत. त्यात तो भल्यामोठ्या कोळंबीसारखा दिसतो, हा विनोद चाहत्यांत अजून चालतो. रॉजर आणि ब्रायन यांना ते कपडे मनापासून आवडले नाहीत, आणि २००३च्या 'ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स २'मधल्या मल्लिनाथीत त्यांनी ते लपवलेलं नाही. पण कितीतरी चाहत्यांना नेमकी हीच फीत प्रिय आहे. बँडला लाज वाटते म्हणून ती वगळली असती तर? वगळली नाही, हे बरं झालं.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटच्या चित्रफितीचा. ३० मे १९९१ रोजी 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज'चं चित्रीकरण झालं. दिग्दर्शक व्हिएन्नाचे रुडी डोलेझल आणि हानेस रोसाखर ही जोडी. क्वीनच्या उत्तरकाळातल्या बऱ्याच फिती त्यांच्याच. ब्रायन त्या दिवशी नव्हता. त्याचा भाग नंतर जोडला. फ्रेडीच्या अंगात मांजरांची चित्रं असलेला जाकीटवजा कोट. आजाराने गाल बसलेले, चेहऱ्यावर मेकअपचा जाड थर, पावलं जेमतेम हलतायत, पण हातांच्या हालचाली अजून त्याच्याच. शेवटी तो कॅमेऱ्यात थेट पाहतो, किंचित हसतो, ओठांतल्या ओठांत काही म्हणतो आणि चौकटीबाहेर जातो. चित्रीकरण रंगीत होतं. आजार कमी दिसावा म्हणून फीत कृष्णधवल केली गेली. २४ नोव्हेंबरला तो गेला. त्या दिवसाचे रंगीत तुकडे पुढे माहितीपटांत झळकले, आणि चाहत्यांत उघड दोन तट पडले. एकाचं म्हणणं, आम्हाला सगळं पाहायचंय, त्याचं धैर्य रंगांतच नीट कळतं. दुसऱ्याचं म्हणणं, त्याने जे झाकलं ते झाकलेलंच राहू द्या.

इथे दुसरा पक्ष बरोबर आहे, आणि तोही पहिल्याच तत्त्वाने. १९७५च्या चौकटीची उंची छाटू नये, कारण ती करणाऱ्यांनी ठरवली होती. १९९१चे रंग परत आणू नयेत, कारण ते काढून टाकणं हेही करणाऱ्यांनीच ठरवलं होतं. अभ्यासकाने रंगीत तुकडे जपावेत, माहितीपटाने हवं तर दाखवावेत. पण चित्रफीत म्हणून संग्रहात जाईल ती कृष्णधवलच. चाहत्याच्या हट्टाला मर्यादा असते, आणि ती कलाकाराच्या निर्णयापाशी येऊन थांबते. विकणाऱ्याच्या सोयीपाशी तिने थांबायचं कारण नाही.

'ग्रेटेस्ट व्हिडिओ हिट्स'चे दोन खंड निघाले. दुसरा थांबतो तो १९८९च्या 'द मिरॅकल'पाशी, ज्याच्या फितीत चार लहान मुलं क्वीन बनून रंगमंचावर धमाल करतात. 'इन्युएंडो'ची मातीच्या बाहुल्यांची फीत, 'आय'म गोइंग स्लाइटली मॅड'मधला पेंग्विन आणि गोरिला, आणि ती शेवटची कृष्णधवल फीत, हे सगळं ज्या तिसऱ्या खंडात यायला हवं होतं तो कधी निघालाच नाही. उद्या कुणी तो काढायला घेतला तर चाहत्यांच्या मागण्या फार नाहीत. जुनी चौकट पुरी ठेवा, काळ्या पट्ट्यांची कुणाला भीती वाटत नाही. टेपचा धुरकटपणा टेपचा म्हणून राहू द्या. झाकपाक केलेली आणि न केलेली, दोन्ही आवृत्त्या द्या. प्रत्येक फितीखाली दिग्दर्शकाचं नाव, जागा आणि तारीख छापा.